क्रेटमागे किती मजले?

जुन्नर तालुक्यात माणसाची स्वप्नं किती उंच जायची, हे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ठरतं. क्रेटला दीडशेचा भाव असला की स्वप्नं जमिनीलगत असतात: औषधवाल्याची उधारी फिटावी, ड्रिपच्या फुटक्या नळ्या बदलाव्यात. भाव चारशेवर गेला की ती छपरापर्यंत चढतात. गोठ्यावर नवे पत्रे येतात, पोराला मोटारसायकल कबूल होते. आणि २०२३ सालच्या जुलैत वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या घरातली स्वप्नं एकदम १२४व्या मजल्यावर जाऊन उभी राहिली.

ते दिवसच तसे होते. एरवी जो माल रस्त्याच्या कडेला ओतायची पाळी येते, त्याची लोक रात्री बॅटरी घेऊन राखण करत होते. पाहुणे निघाले की पिशवीभर टोमॅटो बळंच गाडीत टाकायची आमच्याकडे रीत. त्या महिन्यात पाहुण्यांना चहा पाजून, विषय बदलून वाटेला लावलं जात होतं. कोशिंबिरीत काकडी एकटी पडली होती. जुन्नरच्या शेतकऱ्यांच्या कमाईचे आकडे दिल्लीच्या टीव्हीवर झळकले आणि ज्यांनी टोमॅटो लावलाच नव्हता त्यांनाही उसने मागणाऱ्यांचे फोन येऊ लागले. कुणी ट्रॅक्टर बुक केला, कुणी स्लॅबचं काम काढलं. आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या चुलतभावाने, ओट्यावर पाय सोडून जाहीर केलं, "यंदा सगळ्यांनी दुबई. तो मनोरा चढायचा आणि वरून गाव बघायचं."

"कुठलं गाव?" तात्यांनी विचारलं.

"दुबई."

"ते होय," तात्या म्हणाले आणि अडकित्ता शोधू लागले.

पुतण्या इंजिनिअरिंगला असल्यामुळे मोबाईलमधून माहिती काढायचं खातं त्याच्याकडे. माझं अक्षर बरं, म्हणून ठराव लिहायची वही माझ्याकडे. पुतण्याने वाचून दाखवलं: बुर्ज खलिफा, उंची ८२८ मीटर, २०१० साली खुली झाली, जगातली सर्वांत उंच इमारत. वर जायला आधीच तिकीट काढून ठेवावं. १२४व्या मजल्याचं वेगळं, १४८व्या मजल्याचं वेगळं, आणि सूर्य मावळतानाची वेळ हवी असेल तर जादा पैसे.

या शेवटच्या कलमावर सभा उठायची वेळ आली. "सूर्य मावळायचे पैसे?" आत्या म्हणाली. आत्या दिलीय आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. पण काही ठरायचं असलं की ती माहेरी हजर असतेच. "आमच्याकडं रोज मावळतो, भीमाशंकरच्या अंगाला. कुणी दारात उभं राहून पैसे घेत नाही."

"आत्या, वर न्यायला लिफ्ट आहे. मिनिटभरात वर."

"आणि वर जाऊन करायचं काय?"

"बघायचं."

"काय बघायचं?"

"खालचं."

"मग खालीच उभं राहून बघू की. खालचं खालूनच चांगलं दिसतं."

पुतण्याकडे याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, जगभरच्या मनोरेवाल्यांकडेही नसावं. आयफेल मनोरा १८८९ सालापासून लोकांना वर नेतोय आणि आत्ताच ज्या पॅरिसमधून ते चालत आले तेच पॅरिस त्यांना दाखवतोय. लोक रांग लावतात, पैसे मोजतात, वर पोचतात आणि पहिल्यांदा शोधतात ते आपलं हॉटेल. ते सापडलं की धन्य होऊन खाली उतरतात. हा सगळा धंदा आत्याच्या त्या एका प्रश्नावर अडेल. पण तिकीट काढलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

तात्यांचा विरोध मात्र शास्त्रीय होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि पातळी हा त्यांचा श्वास आहे. "तो १२४वा मजला जमिनीपासून किती?" त्यांनी विचारलं.

"साडेचारशे मीटर."

"आणि दुबईची जमीन?"

"समुद्राला लागूनच."

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. "साडेचारशे मीटर म्हणजे दीड हजार फूट. आपलं जुन्नर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर. म्हणजे जुन्नरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेला माणूस त्या पैसे भरून वर गेलेल्या माणसापेक्षा पाचशे फूट उंच बसलेला असतो. आणि शिवनेरीचा माथा साडेतीन हजार फूट. तुमच्या मनोऱ्याचं टोकसुद्धा त्याच्या खांद्याला लागायचं नाही."

तेव्हापासून मी स्टँडवर गाडीची वाट बघताना जरा ताठ बसतो.

दादा बधला नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी त्याने दाढी केली. मग मी वहीत दोन रकाने आखले: जाणारे आणि राहणारे. गाईंची धार कोण काढणार, ड्रिप कोण सोडणार, कुत्र्याला भाकरी कोण घालणार, तोडा आला तर मजुरांमागे कोण उभं राहणार? एकेक काम वाटत गेलो तसा राहणाऱ्यांचा रकाना भरत गेला. शेवटी जायला मोकळी उरली ती एकटी आत्या, आणि तिला जायचं नव्हतं.

ऑगस्टात केंद्र सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचं ठरवलं आणि आमचा मनोरा खचू लागला. इकडे दोन हजारांचा भाव ऐकून ज्याने त्याने लागवड केली होती. तो सगळा माल एकदम बाजारात आला. सप्टेंबरात क्रेट शे-दोनशेवर आलं. दादाची दाढी पुन्हा वाढली.

पण आमच्या घराण्यात कुठलाही बेत रद्द होत नाही. त्याची फक्त उंची कमी केली जाते. दुबई परवडत नाही ना, मग माळशेज घाट. २०२४च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात माळशेज घाटात सर्व सोयींनी युक्त व्ह्यूइंग गॅलरी उभारायचं जाहीर झालं. त्याआधीही तिथे काचेचा स्कायवॉक होणार अशा बातम्या मधूनमधून यायच्या आणि दरवेळी दादा ते पान कापून ठेवायचा. गॅलरी झाली की पहिल्याच दिवशी जायचं, असा ठराव मी वहीत लिहिला. तो एकमताने पास झाला. मी आजवर लिहिलेल्या ठरावांत एकमताचा तेवढा एकच. अजून न बांधलेल्या जागी जायचा बेत करणं फार सुखाचं असतं. तारीख काढावी लागत नाही, डबा करावा लागत नाही, गाडीत पुढे कोण बसणार यावरून कुणी रुसत नाही.

आत्याने तेवढ्यातही दोन शंका काढल्या. एक, काच पुसणार कोण? आणि दोन, माळशेजला लोक जातात पावसाळ्यात, तेव्हा तिथं समोरचा माणूस दिसत नाही. "धुकं वरून बघा नाहीतर खालून, सारखंच," ती म्हणाली. हा आक्षेप मी वहीत नोंदवला. सरकारपर्यंत पोचवायची सोय आमच्याकडे नाही.

मग कधीतरी ठरलं की जे आहे ते तरी बघू. जुन्नरला २०१८ साली सरकारने विशेष पर्यटन तालुका ठरवलं. इथे उंचीला तोटा नाही: शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर, जिकडे मान वळवावी तिकडे कडा. तोटा आहे तो मोकळ्या वाराचा. शनिवारी नारायणगावचा बाजार, रविवारी जुन्नरचा, सोमवारी बेल्ह्याचा, गुरुवारी ओतूरचा. उरलेले वार लाइटचे. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. दिवसा असली तर दिवसा पाणी भरायचं. रात्री असली तर रात्री भरायचं आणि दिवसा झोपायचं. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नं. पावसाळ्यात लागवड. भाद्रपदात पितर. त्यानंतर कांदा: लावताना सवड नसते, काढताना माणूस मिळत नाही आणि विकून आल्यावर कुठं जायची इच्छा उरत नाही.

शिवाय दिवेलागणीच्या आत घर गाठायचं, हे आता आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला आला. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, पण सगळे काही तिथे मुक्कामाला नाहीत. यात हसण्यासारखं काही नाही; ज्याच्या घरावर प्रसंग आला त्याला विचारावं. बेतापुरतं सांगायचं तर नियम एवढाच, की सूर्यास्त बघायला जायचं आणि सूर्यास्ताच्या आधी परत यायचं.

गंमत अशी, की हेच तात्या पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांत शिरतात, चार फडांशी बोलतात, घासाघीस करतात, सुपारी ठरवतात, इसार देतात आणि जेवायच्या वेळेला घरी असतात. एवढा मोठा फड, ट्रक, तंबू, वाद्यं, माणसं, सगळं तासाभरात पक्कं. घरातल्या सात माणसांना डोंगरावर न्यायचं म्हटलं की वर्ष जातं. मी एकदा कारण विचारलं. तात्या म्हणाले, "जत्रेची तारीख देवाची असते. ती बदला म्हणायची कुणाची छाती आहे? तुमच्या सहलीचा देव कोण, ते आधी ठरवा."

देव ठरेना, तसं ठिकाणही ठरेना. तात्यांचा कौल नाणेघाटाला, आत्याचा आहुप्याला. आहुपे आंबेगावात, नाणेघाट जुन्नरात. दोन्हीकडे कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, म्हणजे मुरबाडच्या बाजूचा ठाणे जिल्हा. उभं राहायचं पुणे जिल्ह्यात, बघायचं ठाणे जिल्ह्यात, आणि भांडायचं मात्र जुन्नर-आंबेगावने.

"नाणेघाटाला इतिहास आहे," तात्या म्हणाले. आहेच. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी तिथे उंचीचा जो उपयोग केला, तो दुबईवाल्यांनाही अजून सुचलेला नाही. वर उभं राहणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत. खालून चढून येणाऱ्याकडून घ्यायचे. कोकणातून घाट चढून व्यापाऱ्यांचा माल आला की जकात, आणि त्या जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणत्या यज्ञाला किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापणं, सगळे आकडे दगडात. घरखर्चाचा हिशेब येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला ठेवणारं आमच्या भागातलं ते पहिलं आणि शेवटचं कुटुंब.

आत्याचं म्हणणं वेगळं होतं. पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात गाड्यांची रांग लागते, कणसं भाजणाऱ्यांचा धूर होतो, आणि वाऱ्यामुळे धबधबा उलटा वर उडतो. "पाणीसुद्धा त्या गर्दीत खाली उतरायला तयार नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही वर निघालात."

"तुमच्या तालुक्यात काय आहे बघायला?" तात्यांनी बहिणीला डिवचलं.

"आमच्या तालुक्यात ज्या गावाच्या नावानं तालुका, ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तुम्हाला गाव बघायला वर चढावं लागतं. आम्हाला धरण आटायची वाट बघावी लागते. कुणी बांधलं रे ते धरण? कुठल्या खात्यानं?"

तात्या अडकित्ता शोधू लागले.

शेवटी जवळचं म्हणून शिवनेरी ठरलं, आणि एका बुधवारी आम्ही खरोखरच गेलो. शिवनेरीला सात दरवाजे आहेत. महाराजांचा जन्म १६३० साली ज्या गडावर झाला तो गड शत्रूला सोपा जाऊ नये, म्हणून एकामागे एक असे ते बांधलेले. आत्याला मात्र प्रत्येक दरवाजात टेकायला सावली मिळाली. परवानगी दरवाजा नावाचा एक आहे, तिथे ती सर्वांत जास्त वेळ बसली आणि पुढे न्यायची परवानगी तिने आम्हाला चहाच्या बोलीवर दिली. शिवाईचं दर्शन झालं, जन्मस्थानाशी डोकं टेकवलं, आणि आम्ही कडेलोटाच्या कड्याकडे आलो. पायाशी सगळं जुन्नर. पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर. दुबईच्या मनोऱ्यावरून जे दाखवतात त्याहून सरस दृश्य, आणि लिफ्टशिवाय.

मी वही काढली. कोण काय बघतो ते लिहायचं होतं.

दादाने डोळे बारीक करून बाजाराच्या बाजूला किती गाड्या लागल्यात ते मोजलं आणि कांदा आज पडणार, असं भाकीत केलं. तात्यांना वडज धरणाचं पाणी दिसलं; गेल्या वर्षी या दिवसांत पातळी किती होती हे ते सांगू लागले आणि बराच वेळ थांबले नाहीत. पुतण्याला रेंजच्या दोन काड्या जास्त दिसल्या. वहिनीचं माहेर जुन्नरातलं. तिने घरांच्या दाटीतून माहेरची गच्ची अचूक शोधली, तिथे वाळत घातलेली गोधडी ओळखली, आणि कड्यावरूनच भावजयीला फोन लावला, "माझी गोधडी कुणाला विचारून काढली?" खाली गच्चीवर कुणीतरी धावत आलं, वर किल्ल्याकडे बघितलं आणि गोधडी ओढून आत नेली. आधी मला हे सगळं खटकलं. मग वाटलं, गडावर पहारा देणारा तरी दुसरं काय करत होता? तोही निसर्गशोभा बघत नव्हता. कोण आलं, काय घेऊन आलं, कुणाला विचारून आलं, तेच बघत होता. उंचावर गेलं की दृष्टी विशाल होते, असं आमच्या शाळेत भिंतीवर लिहिलेलं होतं. नजर लांब जाते हे खरं. पण जाते ती आपल्याच गोधडीपर्यंत.

आपल्या गोधडीच्या पलीकडे बघायचं काम आमच्याकडे एकाच ठिकाणी चालतं, ते खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात शेतांमधून पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण दूरच्या दीर्घिकांमधून आलेल्या लहरी टिपते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे गावोगावच्या शाळा लोटतात. आमची मंडळीही एकदा गेली. दारातच सांगितलं, मोबाईल बंद करा, त्याने कामात अडथळा येतो. आत्याला ती जागा सर्वांत आवडली. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऐकू येतं त्यांना, आणि मोबाईल वाजला की काही ऐकू येत नाही," ती सुनेकडे बघत म्हणाली. "माझंही तेच होतं. पण मला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही."

अशातच एकदा मुंबईचे काका घरी आले. काका वाशीच्या भाजी मार्केटात आयुष्य काढलेले. त्यांना कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की आधी तिचा भाव दिसतो. दादाने बाजरीत पाखरं राखायला माळा बांधला होता: चार मेढी, वर फळ्या, एक शिडी, आणि फळीवर गोफण ठेवलेली. काका त्यावर चढले, मोबाईलवर फोटो काढला आणि खाली उतरून म्हणाले, "अरे, लोक दुबईला जातात. हा तुमचा मनोराच आहे की!" पुतण्याने तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. 'शेतातला सूर्यास्त, पिठलं-भाकरीसह' असं खाली लिहिलं.

आम्हाला जे वर्षभर जमत नाही ते पुण्याच्या लोकांना चार मिनिटांत जमतं, हे मला तेव्हा कळलं. हिंजवडीत काम करणाऱ्या चौघांनी फोन केला. तारीख सांगितली, वेळ सांगितली, किती माणसं, त्यांतलं तिखट कोण खात नाही, सगळं सांगितलं आणि अर्धे पैसे पाठवूनही दिले. वर विचारलं, सूर्यास्ताच्या वेळेचे जादा किती? दादाचा गळा दाटून आला. क्रेट, आडत, हमाली, तोलाई यांशिवाय पैसे येऊ शकतात, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, ठरलेली चार माणसं आली. त्यांच्या नियोजनात एका मिनिटाचीही चूक नव्हती. चौघं माळ्यावर चढले, चारी दिशांना तोंडं करून फोटो काढून झाले. मग त्यांतल्या एकीने वाकून, बांधावर बसलेल्या आत्याला फार आदराने विचारलं, "आजी, इथून काय काय दिसतं?"

"डाव्या अंगाला बघ," आत्या म्हणाली. "कांद्याची खुरपणी अर्धी राहिलीय. दिसली?"

"हो, दिसली!"

"मग उतरा खाली. चार खुरपी आहेत."